डीलरशी पोकर ‘शिकून’ खेळायला निघालेल्या मैत्रिणींना



या वेळी पाककृती नाही, पर्वाची तयारीही नाही. या वेळी मला भांडायचं आहे, आणि भांडण एका वाक्याशी आहे: “नियम नीट शिकून खेळलं की तो जुगार राहत नाही, कौशल्य होतं.”

हे वाक्य आपल्या मंडळाच्या ग्रुपवर आलं. भिशीच्या पैशांतून गोव्याची सहल ठरते आहे. तिच्या पत्रकात दुसऱ्या संध्याकाळपुढे ‘बोटीवरचा कॅसिनो, ऐच्छिक’ अशी ओळ आहे आणि त्याखाली लगेच ‘जैन भोजनाची सोय’. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. जुगार तेवढा आहे. मी नको म्हटल्यावर उत्तरादाखल एका व्हिडिओची लिंक आली. डीलरविरुद्ध पोकर कसं खेळायचं ते अर्ध्या तासात शिका म्हणे. खाली चार अंगठे, दोन टाळ्या, आणि “काकू, आधी बघून तर घ्या.”

बघितला. वही-पेन घेऊन दोनदा बघितला. त्यात सांगितलेले नियम बरोबर आहेत, खेळायची रीतही बरोबर आहे. फक्त शेवटचा हिशेब त्यानं मांडला नाही, तो मी मांडते. त्यासाठी आधी खेळ समजून घ्यावा लागेल, कारण “काकूंना त्यातलं काय कळतं” हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

पोकर दोन जातींचं असतं. एका जातीत खेळणारे एकमेकांविरुद्ध खेळतात आणि टेबल मांडणारा त्यातून आपला वाटा काढून घेतो. दुसऱ्या जातीत प्रत्येक खेळणारा एकटा डीलरविरुद्ध, म्हणजे कॅसिनोविरुद्ध असतो. शेजारणीच्या हातात काय आहे याच्याशी आपला काही संबंध नाही. या दुसऱ्या जातीतला फार पसरलेला खेळ म्हणजे थ्री कार्ड पोकर. डेरेक वेब नावाच्या ब्रिटिश माणसानं तो १९९४ साली तयार केला, तीन पत्त्यांच्या ब्रॅग या जुन्या इंग्रजी खेळावरून. आपली तीन पत्तीही त्याच ब्रॅगची नातलग. मांडवीतल्या बोटींवर तीन पत्त्यांचे डीलरविरुद्धचे खेळ असतात ते याच घराण्यातले. टेबलागणिक नियमांत थोडा फरक पडतो, म्हणून मी मूळ खेळाचाच हिशेब धरते.

आधी तुम्ही एक रक्कम समोर ठेवता. तिला अँटी म्हणतात. समजा ५०० रुपये. मग तुम्हाला तीन पत्ते मिळतात आणि डीलरला तीन, पालथे. तुम्ही आपले पत्ते बघता आणि दोनच गोष्टी करू शकता. पत्ते टाकायचे, म्हणजे ५०० गेले. किंवा आणखी ५०० लावायचे, त्याला प्ले म्हणतात. मग डीलर आपले पत्ते उघडतो.

इथे एक अट असते. डीलरकडे किमान राणी किंवा त्याहून वरचा हात हवा. तेवढाही नसेल तर तुम्हाला अँटीवर ५०० मिळतात आणि प्लेचे ५०० जसेच्या तसे परत येतात. डीलरचा हात अटीत बसला आणि तुमचा हात मोठा निघाला, तर दोन्ही रकमांवर तेवढेच पैसे मिळतात. त्याचा मोठा निघाला तर दोन्ही जातात. सिक्वेन्स, ट्रेल किंवा प्युअर सिक्वेन्स आली तर अँटीवर वेगळा बोनस असतो, अनुक्रमे १, ४ आणि ५ पट.

हातांची उतरंड घरच्या तीन पत्तीसारखीच आहे, एक फरक सोडून. आपल्याकडे ट्रेल सगळ्यांत वर. इथे प्युअर सिक्वेन्स तिच्याही वर. कारण साधं आहे. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८. त्यानंतर साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४. उरलेल्या १६,४४० हातांत काहीच नसतं. म्हणजे चारांतल्या जवळजवळ तीन वेळा तुम्ही नुसत्या मोठ्या पानाच्या भरवशावर बसलेल्या असता.

आणि आता ते ‘कौशल्य’. नीट वाचा, कारण सगळं कौशल्य एका ओळीत मावतं: राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून चांगला हात असेल तर प्ले लावा, नाहीतर पत्ते टाका. एक्का किंवा राजा असेल तर डोळे मिटून लावा. राणी असेल तर दुसरं पान बघा, ते छक्कीच निघालं तर तिसरं बघा. झालं. याहून चांगली खेळी गणितात निघत नाही. समोरच्याचा चेहरा वाचायचा नाही, कारण डीलर विचारच करत नाही. त्याला नियमाप्रमाणे पत्ते उघडायचे असतात. त्याला फसवता येत नाही, घाबरवता येत नाही. चौथीतलं पोर दुपारच्या सुट्टीत हे शिकेल.

हे शिकून, एकही चूक न करता खेळलं तर काय होतं? तरीही हरता. प्रत्येक डावाला सरासरी अँटीच्या ३.३७ टक्के जातात. ५०० च्या अँटीवर सुमारे १७ रुपये. हे नशीब वाईट म्हणून होत नाही, खेळाची रचनाच तशी आहे. निर्णय तुम्ही आधी घेता, डीलर नंतर उघडतो. तुम्ही पत्ते टाकले की पैसे गेले, मग डीलरकडे राणीसुद्धा नसली तरी ते परत येत नाहीत. आणि तुमच्या हातात उत्तम पत्ते असताना नेमका डीलर अटीत बसला नाही, तर प्लेवर तुम्हाला छदाम मिळत नाही. त्याचे ३० टक्क्यांहून थोडे अधिक हात असे अटीबाहेरचे असतात. ही अट ऐकताना आपल्याला सवलत वाटते, पण तिची दुसरी बाजू ही आहे.

टक्केवारी ऐकली की आपल्यापैकी अर्ध्या जणी “तीन टक्के म्हणजे काहीच नाही” म्हणून पुढे जातात, म्हणून वाण्याच्या दुकानात येते. अँटी आणि प्ले दोन्ही धरून तुम्ही जेवढे रुपये टेबलावर लावता, त्यांच्या सुमारे २ टक्के कॅसिनोकडे राहतात. म्हणजे किलोमागे वीस ग्रॅम. किलोला वीस ग्रॅम काटा मारणारा वाणी तुम्हाला ठाऊक झाला, तर त्याच्याकडे तुम्ही परत पाय ठेवाल का? त्याच्याकडून ‘हुशारीनं साखर कशी घ्यावी’ याचा व्हिडिओ बघाल का?

आणि वाणी निदान एकदाच काटा मारतो. इथे तीच साखर पुन्हा पुन्हा काट्यावर चढते. तुम्ही १०,००० रुपयांच्या चिप्स घेतल्या. ५०० ची अँटी, शंभरातल्या सुमारे ६७ डावांत आणखी ५०० ची प्ले. समजा तासाला ४० डाव झाले आणि तुम्ही पाच तास बसलात, तर २०० डाव. या २०० डावांत मिळून तुम्ही जवळजवळ १ लाख ६७ हजार रुपये टेबलावर लावता. पर्समध्ये तर १०,०००च होते! होय, पण तेच पुढे-मागे फिरले आणि प्रत्येक फेरीत वीस-वीस ग्रॅम कमी झाले. सरासरी निघते ३,३७० रुपयांच्या आसपास. दहा हजारांतला तिसरा हिस्सा, आणि तोही तुम्ही एकही चूक केली नाही असं धरून.

आपल्या मापात सांगायचं तर एका सामायिकाच्या ४८ मिनिटांत ३२ डाव.

शेजारी आणखी एक गोल काढलेला असतो, पेअर प्लसचा. डीलरशी देणं-घेणं नाही, तुमच्या हातात जोडी किंवा वरचं काही आलं की पैसे. बायकांना हा गोल फार आवडतो, कारण त्यात निर्णय घ्यायचा नसतो. जोडीला १ पट, कलरला ४, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३०, प्युअर सिक्वेन्सला ४० असा दर असेल, तर सगळ्या २२,१०० हातांवर एकेक रुपया लावल्यावर तुम्ही एकूण ५१२ रुपये हरता. आता कलरचा दर ४ ऐवजी ३ करा. एवढाच बदल. नुकसान ५१२ वरून १,६०८ वर जातं. तिपटीहून जास्त. किलोमागे तेवीस ग्रॅमचे त्र्याहत्तर झाले, आणि टेबलाच्या कापडावर बदलला तो फक्त एक आकडा. डाळीचा भाव दोन रुपयांनी चढला तर दुकानात वाद घालणाऱ्या आपण. त्या कापडावरचा आकडा कोण वाचतं?

“पण पोकर कौशल्याचा खेळ आहे, कोर्टानंच सांगितलंय,” असंही एकीनं लिहिलं. कोर्टाचं नाव घेतलंच आहे तर नीट घेऊ. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं आंध्र प्रदेशातल्या एका प्रकरणात कौशल्याचा खेळ म्हटलं ते रमीला. पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणतं टाकायचं, कोणतं धरायचं हे ठरवावं लागतं, म्हणून. आणि त्याच निकालात रमीचा वेगळेपणा दाखवताना उदाहरण दिलं ते तीन पत्त्यांच्या खेळाचं. फ्लश, ब्रॅग अशा नावांनी ओळखला जाणारा हा खेळ निव्वळ नशिबाचा आहे, असं न्यायालयानं तिथे म्हटलं आहे. ज्या निकालाची ढाल पुढे केली जाते, त्याच निकालात आपल्या या खेळाच्या कुळाचं नाव दुसऱ्या बाजूला लिहिलेलं आहे. एकमेकांविरुद्ध खेळायच्या पोकरबद्दल वाद घालणाऱ्यांनी घालावा. डीलरविरुद्धच्या तीन पत्त्यांना ते प्रमाणपत्र उसनं देता येणार नाही.

त्या डेरेक वेबची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. खेळाचे हक्क विकून तो श्रीमंत झाला आणि नंतर इंग्लंडमधल्या सट्ट्याच्या दुकानांत बसवलेल्या जुगाराच्या यंत्रांविरुद्ध त्यानं स्वतःचे पैसे घालून मोहीम चालवली. त्या यंत्रांवर एका फेरीला १०० पौंडांपर्यंत लावता येत होते. २०१९ मध्ये सरकारनं ती मर्यादा २ पौंडांवर आणली. त्याचा विरोध टेबलावरच्या खेळाला नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगते. पण जुगाराच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसालाही कळत होतं की फेरी जितकी झटपट आणि रक्कम जितकी मोठी, तितकं घर लवकर बुडतं. आपल्या ग्रुपवर मात्र खेळ झटपट आहे, हीच त्याची खुबी म्हणून सांगितली जाते.

आता “अगं, पण जिंकून येतात की लोक” या मुद्द्याकडे. येतात. रोज येतात. एका रात्रीत नशीब कुठेही झुकू शकतं, आणि कुणीच जिंकलं नसतं तर दुसऱ्या दिवशी तिथे कोण गेलं असतं? जिंकलेली बाई सगळ्या ग्रुपला फोटो पाठवते. हरलेली “मजा आली” एवढंच लिहिते. कॅसिनोला जाहिरातीचा खर्च करायला नको, तो आपणच करतो. वर, जुगारात जिंकलेल्या रकमेवर आपल्या कायद्यात ३० टक्के प्राप्तिकर लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. सोमवारी हरलेले तुमचे, मंगळवारी जिंकलेल्यात सरकारचा वाटा. कॅसिनोवरचा २८ टक्के जीएसटी ऑक्टोबर २०२३ पासून चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दर ४० टक्के झाला. मी काढलेल्या हिशेबात यातलं काहीच धरलेलं नाही. प्रवेशाच्या फीसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या चिप्सही बहुतेक वेळा थेट रोखीत बदलता येत नाहीत, डावावर लावाव्याच लागतात. म्हणजे फुकटचं घेतलं की टेबलाशी बसणं आलंच.

गोव्याचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. तिथला जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ मध्ये पाण्यातल्या जहाजांवर टेबलांना. म्हणून त्या बोटी. पण फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या सरकारनं स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. विचार करा. ज्यांच्या नदीत बोट उभी आहे, ज्यांच्या तिजोरीत कर जमा होतो, त्यांनी आपल्या लेकरांना सांगितलं की तू तिथे जायचं नाहीस. पाहुण्यांनी जावं. ते पाहुणे आपण, सांगली-कोल्हापूर-पुण्याहून बस करून गेलेले, ‘जैन भोजनाची सोय’ वाचून निर्धास्त झालेले. महाराष्ट्रानंही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. दोन शेजारी राज्यांना आपापल्या घरात जे नको वाटलं, ते आपल्या मंडळाला सहलीत हवं आहे.

आणि आता धर्माचं बोलते, कारण या ठिकाणी ते टाळणं खोटेपणाचं होईल. पाठशाळेतली सात वर्षांची मुलगी सात व्यसनं घडाघडा म्हणून दाखवते. त्यातलं पहिलं कोणतं? द्यूत. मांसाच्या आधी, मद्याच्या आधी. आपण दारूच्या पेल्याला हात लावणार नाही, ताटात चुकून काही आलं तर उपाशी उठू, आणि यादीतल्या पहिल्या नावाशी जाऊन बसू? मोठ्यांनी त्याला पहिलं का ठेवलं, हे सांगताना युधिष्ठिराचं उदाहरण आपल्या परंपरेतही दिलं जातं. ज्याचा विवेक वाखाणला जात होता त्याचा विवेकच त्या डावात गेला, मग बाकीचं जायला वेळ लागला नाही. बाकीच्या सहा व्यसनांना दार उघडून देणारं हे व्यसन आहे. त्या बोटीवर नजर टाका, यादीतली आणखी किती नावं शेजारीच मांडलेली दिसतात ते मोजा.

एक युक्तिवाद मला जास्त टोचतो: “कुणाचं वाईट करत नाही, कंपनीचा पैसा आहे.” कंपनी नोटा छापत नाही. तुम्ही जिंकलेले पाच हजार हे बाजूच्या खुर्चीवर हरलेल्या कुणाचे तरी आहेत. ते कुणाच्या घरभाड्याचे, कुणाच्या मुलीच्या फीचे, कुणी दुकानाच्या गल्ल्यातून न सांगता उचललेले. श्रावकाच्या गुणांच्या यादीत न्यायानं मिळवलेलं धन पहिलं येतं. त्यातले काही मंदिराच्या भांडारात टाकले की पैसा शुद्ध होतो असं समजणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे: हरलात तर भांडारातून मागायला याल का?

“सिनेमावर खर्च करतो तसाच करमणुकीचा खर्च समजा,” असंही म्हणतात. सिनेमाचं तिकीट आत जाण्याआधी ठाऊक असतं. मध्यंतरात कुणी “गेलेले पैसे परत मिळवायचेत? आणखी एक तिकीट काढा” म्हणत नाही. हरलेलं वसूल करायची ओढ कोणत्या नाटकाच्या तिकिटात असते? ज्या खर्चाचा आकडा उठल्यावर कळतो आणि ज्यात उठणंच अवघड व्हावं अशी मांडणी केलेली असते, त्याला करमणुकीच्या रकान्यात मी लिहिणार नाही.

लग्नातल्या ‘कॅसिनो नाइट’बद्दलही बोलते. संगीताच्या दिवशी हिरव्या कापडाची टेबलं, भाड्याचे डीलर, खोट्या चिप्स. पैसा नाही, म्हणून काटेकोरपणे ते द्यूत नाही, हे मला मान्य. पण मग ते काय आहे? ती शिकवणी आहे. बारा वर्षांचा मुलगा त्या रात्री अँटी म्हणजे काय ते शिकतो, चिप्सचा ढीग ढकलायला शिकतो, जिंकल्यावर आजीकडून टाळ्या घेतो. एक गोष्ट तो शिकत नाही, ती म्हणजे हरल्यावर काय होतं, कारण खोट्या चिप्स हरल्यावर काहीच होत नाही. पुढे मोबाइलवर तोच खेळ खऱ्या पैशांचा समोर आला तर त्याला अनोळखी वाटणार नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ मध्ये केंद्रानं कायदा करून बंदी आणली, पण आपण मांडवात गिरवलेला धडा कोणता कायदा पुसणार?

माझ्या ओळखीत एक घर आहे. गृहस्थ सज्जन, व्यसन कसलं नाही, पर्युषणात एकासन करणारे. मित्रांबरोबर बोटीवर गेले आणि हा तीन पत्त्यांचा खेळ शिकले. अगदी बरोबर शिकले. त्यांना राणी-छक्की-चौकी पाठ आहे. “मी मूर्खासारखा खेळत नाही, मला कधी उठायचं ते कळतं,” हे त्यांचं वाक्य बायकोनं दोन वर्षं ऐकलं. चूक न करता, नियमानं, दर महिन्याला थोडं थोडं. एकदम बुडाले असते तर घरात आरडाओरड झाली असती, कुणीतरी थांबवलं असतं. किलोमागे वीस ग्रॅम जात होते, म्हणून कुणाला दिसलं नाही. दिसलं तेव्हा तिच्या पाटल्या सोनाराकडे होत्या. खेळ चांगला शिकल्यानं त्यांचं नुकसान टळलं नाही, फक्त उशिरा लक्षात आलं. म्हणून त्या व्हिडिओवर माझा राग आहे. न शिकलेला माणूस एका रात्रीत हात पोळून घेतो आणि परत जात नाही. शिकलेला परत परत जातो, कारण त्याला वाटतं की आपण वेगळे आहोत.

आणि घरात या खेळाचा हिशेब शेवटी आपल्यापाशी येतो. टेबलाशी कुणीही बसो, किराण्याची यादी कापायची आपण, मुलीच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर ढकलायची आपण, सासूबाईंना खोटं सांगायचं आपण. त्यामुळे “पुरुष जातील, आपण नुसतं वरच्या मजल्यावर जेवू” हेही मला पटत नाही. आपण तिथे बसलो की त्या जागेला घरंदाजपणा येतो. बायका-मुलं आहेत म्हणजे जागा चांगली असणार, असं वाटून आणखी दहा घरं येतात.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. पत्रकातून ती ओळ काढावी. ‘ऐच्छिक’ म्हणूनही नको, कारण भिशीचे पैसे सगळ्यांचे आहेत आणि बस सगळ्यांची आहे. ती संध्याकाळ रिकामी राहील याची काळजी नको. फोंडा तालुक्यात बांदिवड्याला नेमिनाथ बसदीचे अवशेष आहेत, डिचोली तालुक्यात कुडण्याला जुन्या जैन मंदिराचे. कधीकाळी गोव्यात आपली वस्ती होती, बसद्या होत्या, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? उघड्यावर पडलेल्या त्या दगडांपाशी अर्धा तास बसून भक्तामर म्हणू, मुलांना दाखवू. त्याला चिप्स लागत नाहीत.

घरात कुणी “मी शिकून खेळतो” म्हणत असेल तर त्याच्याशी धर्मावर वाद घालत बसू नका, तो हसून टाळेल. एक वही द्या. तारीख, नेलेली रक्कम, आणलेली रक्कम, तीनच रकाने. जिंकलेला दिवसही लिहायचा, हरलेलाही लिहायचा, जाण्या-येण्याचा खर्चही लिहायचा. सहा महिने. बेरीज त्यानंच करायची. ती वही लिहायला जो नकार देईल, त्याला उत्तर आधीच ठाऊक आहे असं समजा.

ज्यांना माझं पटलं नाही त्यांनीही जरूर लिहा. फक्त आकड्यांसकट लिहा. नुसतं “जमाना बदलला” नको. जमाना कितीही बदलला तरी ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हातच निघतात.

जय जिनेंद्र.